चिडाची बरणी माझी नाही

मी, श्रीमती शालन जगन सोनावणे, वय एकाहत्तर, निवृत्त संशोधक, राहणार डोंबिवली पूर्व, पूर्ण शुद्धीत, स्वखुशीने आणि चष्मा लावून हे मृत्युपत्र लिहीत आहे. कोणी धाक घातलेला नाही. रविवारची आलेली सून अमृता दोनदा चहाचे विचारून गेली, त्याला धाक धरू नये.

कलम एक. राहता फ्लॅट मुलगा सम्यक आणि सून अमृता यांना समान. इमारत पाडून नवी होणार, तेव्हा मागची खोली जाईल याची मला कल्पना आहे. त्या खोलीतले कपाट माझे मिस्टर जगन यांनी कारखान्याच्या सुट्ट्यांत स्वतः बनवले. दार इतके घट्ट की आत उजेडाची तिरीप शिरत नाही. ते भंगारात देऊ नये. नव्या घरात बसत नसेल तर घर थोडे सरकवून घ्यावे.

कलम दोन. बँकेतली ठेव नात सान्वीच्या शिक्षणासाठी. तिने विज्ञानच घ्यावे अशी अट नाही. नाचायचे असेल तर नाचावे.

कलम तीन. मोठा प्रेशर कुकर अमृताला. त्यात मी आजवर फक्त बरण्या निर्जंतुक केल्या, वरण एकदाही लावले नाही. तिच्या स्वयंपाकघरात इतके स्वच्छ भांडे दुसरे नसेल, तरी मनात किंतू येत असेल तर तिने सरळ सांगावे, मी रागावणार नाही. रागवायला असणारही नाही.

कलम चार. सोसायटीचे सेक्रेटरी तानाजीराव यांनी भर सभेत मला ‘बुरशीवाल्या बाई’ म्हटले. त्यांना मी काहीही ठेवत नाही. ती बुरशी नाही एवढे मात्र नोंदवून ठेवते.

कलम पाच, बरणी. खरे तर याच्यासाठीच लिहायला बसले.

कोलशेतच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत मी आणि दीप्ती भोईर शेजारी बसायचो. कंपनीला कागदासाठी चिडाची, म्हणजे पाइनची, झाडे हवी होती, म्हणून आम्ही चिडाच्या पेशी बरणीत वाढवायचो. भिजवलेल्या साबुदाण्यासारखा पांढुरका गोळा. पेशी दुभंगताना तिच्या आत बारीक धागे कसे मांडले जातात, ते पाहणे आमचे काम. धाग्यांना चमकता रंग लावायचा, आणि अंधाऱ्या खोलीत एकीने पाहायचे, दुसरीने चित्र काढायचे. प्राण्यांच्या पेशीत या धाग्यांना दोन टोकांना दोन मुकादम असतात. चिडाच्या पेशीत मुकादमच नाही. तरी धागे आपले आपण जमतात आणि गुणसूत्रे दोन्हीकडे सारखी वाटून देतात. ते हिरवे धागे पहिल्यांदा दिसले तेव्हा दीप्तीने माझा हात घट्ट धरला होता. सम्यकचा जन्म सोडला तर तसा आनंद मला पुन्हा झाला नाही. ते दिवस मला फार आठवतात. तिच्या डब्यातली सुक्या जवळ्याची चटणीसुद्धा आठवते.

भांडण झाले पट्ट्यावरून. काही पेशींत दुभंगण्याआधी धाग्यांचा एक पट्टा दिसतो, मग तो नाहीसा होतो, आणि नवी भिंत नेमकी त्याच जागी येऊन भिडते. मी म्हणायचे, पट्टा हवाच. प्रयोगशाळेत आलेल्या पाहुण्यांपुढे मी हे मांडत असताना दीप्ती उठली आणि म्हणाली, “शालन, पट्टा नसतो तिथेही भिंत येतेच. मी पाहिलंय.” काही पेशींत पट्टा असतो, काहींत नसतो, म्हणजे खोटे कोणीच नव्हते. पण ती चारचौघांत बोलली ते मला लागले, आणि मी उत्तर दिले ते तिला लागले. पुढे प्रयोगशाळा बंद झाली. एकेक बरणी घेऊन दोघी आपापल्या घरी गेलो आणि बोलणे सुटले ते सुटलेच.

पेशींना दर पंधरवड्याला नव्या खाद्यावर हलवावे लागते, नाहीतर मरतात. इतकी वर्षे मी ते कधी चुकवले नाही. मागच्या मे महिन्यात मात्र लागोपाठ वीज गेली, खोली तापली आणि माझा सगळा गोळा काळा पडला. मला जेवण जाईना. सम्यक राहतो बाळकुमला, दीप्तीही तिथलीच. मला न विचारता तो तिच्याकडे गेला आणि मांडीवर बरणी घेऊन आला. निरोप एवढाच होता: “आईला सांग, विरजण दिलंय. विरजण परत नाय करायचं.”

मी बरणी घेतली. त्यानंतर फोन हातात घेतला आणि ठेवला, असे किती वेळा झाले ते जगनच्या फोटोला माहीत.

सूचना: बरणी जगनच्या कपाटात अंधारातच असावी, फ्रिजमध्ये ठेवू नये. अमृताने एकदा दही समजून ठेवली होती. थंडीने धागे विरून जातात. उबेत आणले की पुन्हा जुळतात, हे मी पाहिले आहे, पण म्हणून कोणी मुद्दाम गारठवू नये.

बरणी मी दीप्तीच्या नावे करणार होते. वकील आनंद तांबे म्हणाले, ज्याला काही द्यायचे त्याला साक्षीदार करता येत नाही. मग मी विचार केला. नावे केली तर दीप्ती माझ्यानंतर येणार. साक्षीला बोलावली तर मी असताना येईल. मला ती मी असताना यायला हवी आहे.

म्हणून जाहीर करते की बरणी माझी नाही, दीप्तीची आहे. जे माझे नाही ते मला कोणालाही देता येत नाही. तिने यावे, सही करावी आणि आपले घेऊन जावे. ती आली नाही, तर वकिलांनी दुसरा साक्षीदार पाहावा, आणि माझ्यानंतर गोळा सुकू द्यावा. सम्यकने ते ओझे वाहू नये.

वरील सर्व माझ्याच हातचे, वाचून पाहिलेले आणि मनासारखे आहे.

स्थळ: डोंबिवली
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२५
(सही) शालन जगन सोनावणे

साक्षीदार १: (सही) अ‍ॅड. आनंद तांबे, ठाणे

साक्षीदार २: (सही) दीप्ती रामा भोईर, बाळकुम. शालनने माझ्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर. कलम पाचमधली मालकी मला मान्य नाही. बरणी उघडून गोळ्याचे दोन भाग केले. एक मी नेत आहे. एक इथेच कपाटात ठेवला आहे. पंधरवड्याने हलवावा लागेल. शालनचे हात कापतात, म्हणून मी येईन.