समोरच्या काचेतला फोटो

अहो फोटोग्राफरसाहेब,

जेवण केलेलं नाही, तुमचं तुम्ही बघा. आम्ही दोघी माझ्या ताईकडे चाललोय, रविवारी येऊ.

काल लेक सात वर्षांची झाली. "पाचला येतो" म्हणालात आणि दुसऱ्यांच्या पोरीच्या वाढदिवसाचे फोटो काढत बसलात, तेही सलग तिसऱ्या वर्षी. सात वाजेपर्यंत तिने मेणबत्त्या पेटवू दिल्या नाहीत. मग मी तुमच्या दुकानासमोरच्या स्टुडिओवाल्याला फोन केला. हो, ज्याला तुम्ही आंधळा म्हणता, त्यालाच. दहा मिनिटांत हजर झाला बिचारा.

तुमच्या कॅमेऱ्यासमोर ओठ घट्ट मिटून उभी राहणारी पोरगी पुढच्या पडलेल्या दातांची खिडकी दाखवत खळखळून हसली. त्याने विचारलं, "हा फोटो माझ्या शोकेसमध्ये लावू का?" मी नको म्हणणार, तेवढ्यात तीच कमरेवर हात ठेवून म्हणाली, "लावा की! पण मोठा करा. बाबांना त्यांच्या दुकानातून दिसला पाहिजे."

तुम्ही उठेपर्यंत लागलेला असेल. दुकानाचं शटर जरा सावकाश उघडा.

— तिची आई