सुलाबाईंच्या गाठीची रेघ

२ डिसेंबर
आले बाई एकदाची परभणीला! घरमालकीण सविताकाकूंनी सकाळीच चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा पाठवला. सेलूहून येताना वाटलेलं परकेपण पार गेलं. कॅन्सर दवाखान्यात संशोधक डॉक्टर म्हणून आज पहिला दिवस. फुप्फुसातल्या गाठीला किरणांचा शेक द्यायच्या आधी स्कॅनवर गाठीभोवती रेघ ओढतात. रेघेच्या आत शेक लागतो, बाहेर राहिलं ते राहिलं. रेघ मी ओढणार आणि दुसरी संशोधक भक्तीही, एकमेकींची न बघता. आमचे मोठे डॉक्टर योगीराज सर दोन्ही ताडून बघणार, सरस असेल ती मशीनला देणार. जिचा हात चांगला ती पुढं शिकायला जपानला. मीच जाणार, बघा!

९ डिसेंबर
रेघांचे मार्क लागले. भक्तीला शंभरात सत्त्याण्णव. मला ऐंशी. सर म्हणाले, हिचा हात बघा. बघायलेच की, दिवसभर दुसरं काय केलं? वर डब्यातली शेंगाची चटणी माझ्या ताटात वाढते. एवढं चांगलं वागायची काय गरज आहे मेलीला? जळते मी तिच्यावर. इथं तरी खरं लिहावं.

१५ डिसेंबर
झरीच्या सुलाबाई आल्या. चुलीच्या धुरात जन्म गेला, उजव्या फुप्फुसात गाठ. तीस शेक ठरले. माझा हात धरून म्हणाल्या, नातीचं लगीन उन्हाळ्यात हाय, तवर तरी जगव माय.
दुपारी सगळे जेवायला गेले. भक्तीचा संगणक उघडाच होता. तिची रेघ एका कोपऱ्यात नखाएवढी आत ढकलली. तिचे मार्क जावेत, एवढंच मनात होतं.

१७ डिसेंबर
सरांनी ताडूनच बघितलं नाही. भक्तीची आहे ना, म्हणाले, आणि सही केली. तीच रेघ मशीनवर गेली. माझी असती तर दहादा तपासली असती!

२३ डिसेंबर
पाच शेक झाले. सुलाबाई म्हणतात, सगळीकडं ऊब लागते, एक कोपरा तेवढा गार हाय. शेकाची ऊब कुणालाच कळत नसते. सांगितलं तर नोकरी जाईल आणि जपानला ती जाईल. पंचवीस बाकी आहेत. सांगते नंतर.

५ जानेवारी
कुणाचाही स्कॅन उघडला की माझी रेघ त्याच कोपऱ्यात आत सरकते. बाहेर ओढली की पुन्हा आत. भक्तीला दाखवलं. तिला सरळच दिसते.

१९ जानेवारी
माझा खोकला थांबेना, म्हणून माझाच स्कॅन केला. उजव्या फुप्फुसात एक ठिपका. गाठ नाही, नुसता कोपरा— त्याच आकाराचा. सरांना दिसला नाही. भक्तीलाही नाही. गार लागतंय तिथं. लय गार.

२७ जानेवारी
सुलाबाई हळूहळू चालतात. मला बघून हसल्या. शेक तीन राहिलेत. अजून रेघ बदलता येईल— आज सांगायचंच.
भक्तीला जपानचं पत्र आलं. पेढे वाटले तिनं.
नाही सांगितलं.

२९ जानेवारी
आज शेवटचा शेक. बाराला. सुलाबाई बाहेर बसल्यात. तोंड उघडलं तर आवाजच नाही— सरांना चिठ्ठी लिहिते. आधी इथं.
सर, सुलाबाईंची रेघ चुकीची आहे. ती भक्तीनं—
नाही. ‘मी’ असं लिहायला घेतलं होतं, ‘मी’.
पुन्हा. सर, रेघ आत ढकलली ती भक्तीनं—
हात माझा नाही. आतून कुणीतरी— बारा वाजायले— पुन्हा लिहिते. ढकलली ती भक्ती