कचिनांबद्दलचा एक परिच्छेद

२९ नोव्हें., एर्लांगेन, जर्मनी
मुलांच्या मासिकाचा लेख अडलाय. अमेरिकेतले होपी आदिवासी आणि त्यांचे कचिना: डोंगरावरचे आत्मे, हिवाळ्यात गावात येतात, नाचतात, पाऊस आणतात, मुलींना लाकडी बाहुल्या देतात. इथवर सरळ. पण मुखवट्याआड गावातलेच पुरुष असतात, आणि हे तिथल्या लहान मुलांना सांगत नाहीत. दीक्षा झाली की कळतं. त्यांनी स्वतःच्या मुलांपासून जपलेलं मी आपल्या मुलांना चार ओळींत सांगून टाकू?

संपादकांचा फोन. "अहो ताई, गंमत तर तिथेच आहे! आणि शेवटी कापून चिकटवायचा मुखवटा द्या." मुखवटा नाही म्हटलं, होपींना रुचत नाही. परिच्छेदाचं बघते म्हटलं.

१ डिसें.
निखिल भाजी परतत होता, त्याला मसुदा वाचून दाखवला. त्या परिच्छेदासकट. आमची इरा टेबलाशी रंगवत होती. मराठीला जर्मनमध्ये उत्तर देते, म्हणून तिचं लक्ष नसतं असं धरून आम्ही तिच्यादेखत काहीही बोलतो. मूर्खपणा.

निखिल म्हणाला, "आमच्या जव्हारकडे बोहाड्याच्या उत्सवात देवाचा मुखवटा चढवला की बायका पाया पडायच्या. आत शेजारचा काका. सगळ्यांना ठाऊक. तरी पडायच्या."

इराने मान वर न करता जर्मनमध्ये विचारलं, "मग सहा तारखेला खाऊ घेऊन येतो त्या निकोलाउसच्या आत कोण असतं?"

"भाजी करपतेय," निखिल म्हणाला.

खरंच करपत होती.

२ डिसें.
शाळेपर्यंत इराची सायकल सतत माझ्या दहा हात पुढे. सात वर्षांची पोर. तिच्यासमोर वाचायची मी घाई केली का? लेखाचं एक वाक्यही पुढे नाही.

४ डिसें.
दरवर्षी अंगणात दाढी लावून संत निकोलाउस होणारे तळमजल्यावरचे आजोबा पाठदुखीने झोपून. त्यांनी निखिलला विचारलं, यंदा तू होशील का. हा "गेर्न, गेर्न", आनंदाने, म्हणून मोकळा. माझ्याकडे बघितलंही नाही.

५ डिसें.
आज बूट घासून दाराबाहेर ठेवायचे, रात्री निकोलाउस त्यात खाऊ ठेवतो. एरवी इरा दुपारपासून मागे लागते. विचारलं तर "श्पेटर", नंतर. झोपली. बूट कपाटातच. मीच काढून ठेवू?

परिच्छेद खोडला. लेख पाठवला. आता काय उपयोग.

६ डिसें.
अंगणात बिल्डिंगमधली सगळी पोरं. लाल झगा, दाढी, काठी. आणि खाली निखिलचे निळे, पिवळ्या नाडीचे बूट! इराने बघितले. मग माझ्याकडे बघितलं. सभोवती सगळे जर्मन. माझ्या कानाशी येऊन चक्क मराठीत: "आई, बाबा बूट बदलायला विसरला."



मग तिने माझ्यामागे लपलेल्या शेजारच्या छोट्या लेनाचा हात धरला. तिला निकोलाउसपुढे नेलं. स्वतः संत्रं घेतलं, "डांके, निकोलाउस" म्हणून आभार मानले. अगदी गंभीर.

७ डिसें.
संपादकांचा मेसेज. "छान. पण आत कोण असतं ते कुठे गेलं? आजच कळवा." ते मुद्दाम काढलंय, एवढंच कळवलं.

नाश्त्याला इरा, पुन्हा जर्मनमध्ये: "त्या होपी मुलींना कळल्यावर त्या बाहुल्यांचं काय करतात?"

माहीत नाही म्हटलं. मग तिने कालचं संत्रं सोलून अर्धं माझ्यापुढे ठेवलं.