हिअर, लिसन आणि सासरे

३ फेब्रुवारी
क्लासच्या बाईंनी आज 'हिअर' आणि 'लिसन'मधला फरक सांगितला. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देऊन ऐकणं. लिसनच्या पुढे 'टू' लागतो, हिअरला नाही. कानाच्या मशीनच्या दुकानात सहा वर्षं काउंटर सांभाळल्यावर हे मला बाईंनी शिकवावं! आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या नवऱ्यांना पहिलं उत्तम जमतं, दुसरं नाही.

४ फेब्रुवारी
दुकानात कान तपासणीच्या खोलीतली जागा निघाली आहे. मुलाखत इंग्रजीत. मिळाली तर सहा महिने परगावी ट्रेनिंग — म्हणून घरी अजून चकार शब्द नाही. सराव सासऱ्यांसमोर, मटार सोलता सोलता. पाच वर्षं झाली, त्यांना अजिबात ऐकू येत नाही. मग लाज कसली?
"माय फादर-इन-लॉ डझ नॉट हिअर. माय मदर-इन-लॉ डझ नॉट लिसन." दोन्ही बरोबर!

७ फेब्रुवारी
'टू' पुन्हा खाल्ला. चिडून सासऱ्यांनाच खत्रूड म्हटलं. ते मटार सोलत राहिले.

१० फेब्रुवारी
सासऱ्यांशी ओरडून नवऱ्याचा घसा बसला, म्हणून मशीनसाठी त्यांना दुकानात नेलं. काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. सगळ्यात बारीक आवाजालाही दाबलं! तपासणीचं मशीन बिघडलं म्हणून दुकानातल्या मॅडमना हाक मारणार, तोच त्यांनी हेडफोन काढला.
"लिसनपुढचा 'टू' विसरतेस तू."
मेल्याहून मेल्यासारखं झालं. खत्रूडसुद्धा ऐकलं की हो!
रिटायर झाल्यावर सासूबाईंची दिवसभराची टकळी त्यांच्या वाट्याला आली. एकदा उत्तर दिलं नाही, बरं वाटलं, मग देणंच सोडलं. म्हणाले, "घरी सांगू नकोस. तेवढीच शांतता आहे मला." माझी मुलाखतही त्यांनी कुणाला सांगितली नव्हती. घरी येऊन सांगितलं, मशीनचा काही उपयोग नाही. खोटं कुठे आहे त्यात?

१४ फेब्रुवारी
मिळाली! 'टू'सकट बोलले! उद्या घरी सांगायचं आहे.

१५ फेब्रुवारी
जेवताना सांगितलं. नवरा म्हणाला, काही गरज नाही. सासूबाई सुरू झाल्या. तेव्हा सासरे ताटातून मान वर न करता, अगदी हळू म्हणाले, "ती जाणार. मी ऐकलंय तिचं सगळं."
सासूबाई पाच वर्षांत पहिल्यांदा गप्प झाल्या. फार वेळ नाही.