चट्टे की आमसूल

३ मार्च
स्कॅन झाला. सुई डाव्या हाताला, म्हणून हे लिहिता तरी येतंय. फोटोत नीट दिसावं म्हणून सुईतून औषध सोडतात, त्याआधी टेक्निशियन मुलगी म्हणाली, "गरम-गरम लगेगा। लगेगा सुसु हो गई। होगी नहीं।" सेम तसंच. घशापासून खाली ऊन उतरत गेलं, तोंडात नाण्याची चव, आणि मग ते. सलवार चाचपली. कोरडी. ह्याच्यावर काहीतरी लिहायचं.
डाव्या किडनीवर काय आहे ते कळेल आता.
येताना बाबांनी फूलबागेपाशी कचोरी खाऊ घातली.

४ मार्च
सकाळी पोटावर, मानेवर, दंडांवर चट्टे. खाज अशी की भिंतीला पाठ घासली. आईचं निदान तयार: पित्त उठलंय. आधी उपाशी पोट, वरून कचोरी. मावशी रत्नागिरीहून पाठवते ती आमसुलं भिजवली, कोळली आणि मला गळ्यापासून पायांपर्यंत चोळली. संध्याकाळी खाज थांबली. मी तांबडी-गुलाबी, आंबट वास.

५ मार्च
डॉ. म्हणाले, गाठ आहे, पण कसली ते ह्या फोटोत धड दिसत नाही. मी हलले होते. परत काढायचा, औषध देऊनच. पिछली बार काही त्रास?
बाबा: "नहीं साहब, थोड़ा पित्त हुआ था इसको।"
डॉ.नी बाही वर करायला लावली. दंड लाल. बोटाने दाबलं, बोट हुंगलं. "ये रैश है कि रंग?"
आईने आमसूल समजावलं. इमलीसारखं, पण इमली नाही. डॉ.नी माझ्याकडे वळून विचारलं, चट्ट्यांचा फोटो घेतला होता का? नाही.
मतलब, ती औषधाची रिॲक्शन असेल तर पुढच्या वेळी घसा सुजू शकतो. पित्त असेल तर काहीच नाही. आणि औषधाशिवाय गाठ कळणार नाही.

८ मार्च
किला गेटचं घर, तीन खोल्या, गच्चीवर गेलं की समोर किल्ल्याची भिंत. आरशासमोर उभी राहून एक तरी चट्टा शोधते. एकदम साफ कातडी. आई अडून बसलीय, "आपल्यात कुणाला नाही ॲलर्जी-बिलर्जी. पित्त माझ्याकडून आलंय तुला." म्हटलं, आणि नसलं तर? तिने कुकर लावला. बाबा कचोरीचा आळ घ्यायला एका पायावर तयार.

१० मार्च
ह्या वेळी औषध दुसरं, आणि आधल्या दिवसापासून रिॲक्शन टाळायच्या गोळ्या. डॉ.: "गारंटी नहीं दे रहा।" नाही म्हटलं तर गाठ, हो म्हटलं तर घसा. त्या नाण्याच्या चवीवर दोन ओळी लिहिल्या, खोडल्या.

१२ मार्च
सुई लागलीय. बाहेर बाकावर. तीच मुलगी, तोच सवाल, पिछली बार कुछ हुआ था? बाबांनी तोंड उघडलं. त्यांच्या आधी आई:
"हुआ था। पूरे बदन पे चट्टे थे। रंग तो मैंने लगाया ऊपर से।"
माझ्याकडे बघितलं नाही. पदराने बोटं पुसत बसली. कोरडीच होती.
मुलीने आतल्या डॉ.ना बोलावलं. त्यांनी ऐकून घेतलं, रिॲक्शन आलीच तर द्यायचं एक इंजेक्शन भरून टेबलापाशी ठेवायला सांगितलं. मला म्हणाले, घसा आवळल्यासारखा वाटला तर हात वर कर.
तोंडात आत्ताच नाण्याची चव. औषध अजून बाटलीत आहे.