एक बाही निळी

ब्रश रंगात बुडवला आणि तसाच धरून भिंतीसमोर उभा राहिलो. फरशीवर ठिपके पडले, तेव्हा ही म्हणाली, "आता फरशीही पांढरी करायची का?"

ती. ताईस, धाकट्याचा नमस्कार. मधूनच सुरू केलं म्हणून रागावू नकोस. तुझे गुडघे कसे आहेत? माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दीड महिना झाला, काळा चष्मा कालच उतरला. वीस मिनिटं लागली, दुखलं नाही. (हे वाक्य पुन्हा वाच.)

तर भिंत. बाहेरची खोली दोन वर्षांपूर्वी मी पांढरी केली. रंगाच्या दुकानात तीस वर्षं लोकांना रंग जुळवून दिलेला माणूस तयार डबा कशाला आणेल? मीच मिसळला. पांढरा पिवळट वाटला की निळ्याचा थेंब टाकायचा. मला तो पिवळटच वाटत राहिला, मी थेंब टाकत राहिलो. नव्या डोळ्याने पाहतो तर भिंत आकाशी! नवा झाकून जुना उघडला की पुन्हा पांढरी. (सकाळभर हेच चाललं होतं. दूधवाल्याला वाटलं मी डोळा मारतोय. बिचारा खाली मान घालून गेला.) हिला म्हटलं, तू बोलली का नाहीस? म्हणाली, "बोलले होते. तुम्ही म्हणालात, तीस वर्षं."

ब्रश ठेवून बागेत गेलो. तू पाठवलेली शेवंती जांभळी म्हणालीस आणि मातकट निघाली, असं मी तुला तीन वर्षं ऐकवलं. ती जांभळी आहे, ताई. वांग्याच्या सालीसारखी, आणि पाकळीला मागून रुपेरी लव. झेंडूही दोन रंगांचे आहेत. मीच लावले होते, मला माहीत नव्हतं. तासभर बसून राहिलो. ही चहा घेऊन आली, तर तिच्या स्वेटरला हिरवी किनार. कधीपासून, विचारलं. "विणला तेव्हापासून."

मग कपाट उघडलं. उघडायला नको होतं. तू शिवलेला माझा काळा शर्ट: उजवी बाही निळी आहे. कापडाचे तुकडे मीच 'अगदी एक रंग' म्हणून दिले होते, तू शिवलेस, मी वर्षभर घातला. बँकेत, वाचनालयात, दोन निरोपसमारंभांत. (ही म्हणते, "बहीणभावाच्या मध्ये मी कशाला पडू?") टीप मात्र सरळ आहे. बोटांनी चाचपून घातलेली कळते. भाची सांगत होती, गेल्या महिन्यात तुझी कात्री कापड सोडून बोटावर चालली. तू कळवलं नाहीस.

प्रकृतीला जप. भाचीला आशीर्वाद.

ता. क. भिंत रंगवत नाही. आकाशीच बरी दिसते.

ता. क. दुसरा. पत्र खरं तर याच्यासाठी. तुमच्याकडच्या डॉक्टरांकडे तुझ्या नावाने पुढच्या शुक्रवारची वेळ घेतली आहे. तू म्हणशील, मला पुरेसं दिसतं. मलाही पुरेसं दिसत होतं.

ता. क. तिसरा, सकाळी. पाकीट आणायला गेलो तेवढ्यात हिने तुला फोन लावून सगळं पत्र वाचून दाखवलं. तू शुक्रवारबद्दल चकार शब्द काढला नाहीस म्हणे. एवढंच म्हणालीस, "तो शर्ट उसवू नका. आधी मला बघू द्या." गुरुवारच्या गाडीचं तिकीट काढलं. शर्ट घालूनच येतो.