वाचनालय पुरे होण्याआधीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, व्यवसायाने वास्तुरचनाकार, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. हृदय थकले आहे असे डॉक्टर म्हणतात; डोके शाबूत असल्याचा दाखलाही त्यांनीच सोबत जोडला आहे. नव्या वाचनालयाचा स्लॅब टाकून झाला आहे, खिडक्या बसायच्या आहेत. उद्घाटनाला मी असेनच असे नाही.

१. राहते घर मुलाचे व सुनेचे, समान हक्काने. माडीवरची खोली मात्र एकट्या सुनेची. कारण सांगते. वस्ती वाढली, जुने वाचनालय अपुरे पडू लागले आणि नव्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा मी भेटेल त्याला विचारत सुटले, "तुम्ही कुठे बसून वाचता?" कोणी जिन्यात, कोणी बसथांब्यावर, एक न्हावी तर गिऱ्हाइकाच्याच खुर्चीत. सून कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "आई, जागा कुठलीही चालेल हो. कोणी हाक मारली नाही म्हणजे झालं." ती वाचते हेच मला ठाऊक नव्हते! त्याच दिवशी मी आराखड्यात एक बिनहाकेची खोली काढली. घरच्या माडीलाही आता आतून कडी आहे. ती लागलेली असताना मुलाने दार वाजवू नये. चहा त्याला करता येतो.

२. माझे भागीदार, ज्यांना सगळे 'काचवाले' म्हणतात, त्यांनी वाचनालयाच्या समितीपुढे आराखड्यातली ती बिनहाकेची खोली पुसून सभागृह काढले आणि पश्चिमेची अख्खी भिंत काचेची केली.

"बाहेरून काय रुबाबदार दिसेल!"

"अहो, वाचणारा आत बसतो," मी म्हटले. कोणी ऐकेना.

पुढच्या बैठकीला मी सुनेलाच नेले. तिने उभे राहून तेच वाक्य सांगितले. मग समितीतली एक बाई हळूच म्हणाली, "ठेवा ती खोली." दुसरी म्हणाली, "जरा मोठीच ठेवा."

खोली वाचली, काच राहिली. म्हणून माझी वेताची खुर्ची भागीदारांना. उन्हाळ्यातल्या दुपारी त्यांनी त्या काचेपाशी बसून एक पुस्तक संपवावे आणि पडद्यांचे काय ते स्वतःच ठरवावे. माझ्या पट्ट्या आणि कंपासही त्यांनाच. त्यांच्याइतकी सुरेख रेघ मला कधी आली नाही. वैर संपले.

३. माझी बचत नव्या वाचनालयाच्या पुस्तकांसाठी. भिंतीवर माझे नाव नको.

४. शेवटची विनंती. झाडलोट झाल्यावर शिपायाने खुर्च्या ओळीत लावू नयेत. लोकांनी ओढून नेल्या तिथेच वर्षभर राहू द्याव्यात. मग भागीदारांनी जाऊन पाहावे आणि माझा नकाशा त्याप्रमाणे खुशाल बदलावा. कुठे बसतील ही माणसे? इतके विचारले, इतके काढले, तरी मला अजून खरेच ठाऊक नाही.

स्थळ: राहते घर
दिनांक: ३ फेब्रुवारी
सही: मृत्युपत्र करणारी

बाईंनी आमच्यादेखत वाचून सही केली.
साक्षीदार: (१) डॉक्टर, सही (२) शेजारचा शिंपी, सही